इन्सुलिनचे युनिट वाढवायचे कधी, कमी करायचे कधी: सुई नुकतीच सुरू झालेल्यांसाठी

सुई सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी शुगरच्या मशीनवर २१० दिसलं, म्हणून रात्री चार युनिट वाढवून घेतले. दुसऱ्या दिवशी ८८. घाबरून सहा कमी केले. तिसऱ्या दिवशी २४०. मागावरचा धोटा जसा या कडेचा त्या कडेला पळतो तशी माझी शुगर पळत होती आणि तिच्यामागे मी. डॉक्टरीणबाईंनी वही बघितली आणि विचारलं, "एका दिवसाच्या विक्रीवरून तुम्ही मालाचा भाव बदलता का हो?"

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे तो प्रश्न नेमका लागला. आता सुई घेऊन अकरा वर्षं होतील. कारखान्यात, नात्यात कुणाला नवीन इन्सुलिन लागलं की ते माझ्याकडे येतात, आणि त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही. इथले आकडे समजून घेण्यासाठी आहेत. तुमच्या डोसचे आकडे तुमच्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात असले पाहिजेत.

आधी कागदावर लिहून घ्या

"शुगरप्रमाणे कमी-जास्त करा" एवढं तोंडी ऐकून दवाखान्यातून उठू नका. बाहेर पंचवीस जण बसलेले असतात, डॉक्टर घाईत असतात, सगळं खरं. तरी चिठ्ठीच्या मागे एवढं लिहून घ्याच: माझी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर कितीच्या दरम्यान हवी, वाढवायचं झालं तर कुठलं इन्सुलिन, किती युनिटनं, किती दिवसांनी, कितीपर्यंत गेल्यावर थांबून फोन करायचा, आणि शुगर लो झाली, म्हणजे ७० च्या खाली गेली, तर किती कमी करायचं.

बहुतेक मोठ्या माणसांना उपाशीपोटी ८० ते १३०, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत आणि तीन महिन्यांची टेस्ट, म्हणजे एचबीएवनसी, ७ टक्क्यांच्या आसपास असं लक्ष्य देतात. सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसाला डॉक्टर मुद्दाम सैल लक्ष्य देतात. शेजाऱ्याचं १३० आणि तुमच्या आईचं १६० असेल तर आईच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही.

गरोदर बाई, लहान मूल, डायलिसिसवरचा पेशंट, स्टेरॉइड चालू असलेला माणूस आणि ज्याला लो शुगरनं एकदा बेशुद्ध पाडलंय तो, यांनी घरच्या घरी युनिट बदलूच नयेत. आधी फोन.

हातात कुठलं इन्सुलिन आहे ते ओळखा

हे कंटाळवाणं वाटेल, पण मला सगळ्यात मोठा फटका इथंच बसला. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधली रिफिल १०० ची. सिरिंजाही तशाच दोन: लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. माझी बाटली ४० ची होती, आणि एका मेडिकलवाल्यानं "लाल संपलीय, ही चालते" म्हणत केशरी टोपीची दिली. मी आपला २० च्या रेघेपर्यंत ओढून घेत राहिलो. प्रत्यक्षात पोटात जात होते ८ युनिट. तीन दिवस शुगर तीनशेच्या खाली येईना आणि मी जेवणाला दोष देत बसलो.

उलटं झालं असतं तर हे लिहायला मी नसतो. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात. म्हणून पेनची रिफिल अडली तरी तिच्यातून सिरिंजनं इन्सुलिन कधी ओढू नका, आणि बाटलीवरचा आकडा व सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून बघा.

आता प्रकार. नावं कंपनीगणिक वेगळी, पण स्वभाव चारच.

दिवसभर हळूहळू झिरपणारं: ग्लार्जिन, डेग्लुडेक. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. यांचा जेवणाशी संबंध नाही. तुम्ही झोपलेले असताना, उपाशी असतानाही लिव्हर रक्तात साखर सोडत असतं, तिला आवरायचं काम यांचं. नळाला पाणी दररोज येत नाही म्हणून आपण गच्चीवर टाकी ठेवतो ना, तसं.

जेवणाचं, झटपट: लिस्प्रो, अस्पार्ट. टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू, तास-दोन तासांत जोर, चार तासांत बहुतेक संपलं.

जेवणाचं, जुनं आणि स्वस्त: रेग्युलर. हे जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं. ताटावर बसून टोचलं तर भाकरी पुढं आणि इन्सुलिन मागं, अशी शर्यत होते. दोन तासांनी शुगर जास्त आणि पाच तासांनी लो, हा त्याचाच हिशेब.

आणि मिश्र, म्हणजे ३०/७०: ३० टक्के जेवणाचं, ७० टक्के मध्यम लांबीचं, एकाच बाटलीत. सकाळ-संध्याकाळ. सोलापुरात बहुतेकांची सुरुवात यावरच होते, कारण दोनच सुया आणि खर्च कमी. हे दुधाळ दिसतं. घेण्याआधी तळव्यांमध्ये दहा वेळा घोळवा आणि दहा वेळा खालीवर करा. खडखडून हलवू नका.

झटपट आणि दिवसभराचं, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, पेनही सारखेच. मी रात्रीच्या पेनाला कारखान्यातलं लाल सूत गुंडाळून ठेवतो. तरी चुकून रात्रीचे १८ युनिट झटपटच्या पेनातून गेलेच तर झोपू नका, खा, घरच्यांना उठवा, डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा आणि दर अर्ध्या तासाला शुगर बघत राहा. त्या रात्री दवाखाना जवळ असेल तर तिथंच जाऊन बसलेलं बरं.

वही

मोबाईलमध्ये ठेवा, कॅलेंडरवर लिहा, काही हरकत नाही. मी लांब वही वापरतो कारण सवय तीच. तारीख, वेळ, शुगर, किती युनिट, काय खाल्लं, आणि शेवटी एक रिकामा रकाना: "कामाची पाळी बदलली", "लग्नात गेलो", "ताप". तो रिकामा रकानाच पुढं सगळ्यात कामाला येतो.

रोज सात वेळा बोट टोचायची गरज नाही. स्ट्रिप महाग आहेत. आठवड्यातले तीन दिवस धरा आणि त्या दिवशी नीट तपासा: सकाळी उपाशीपोटी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना, आणि एखाद्या जेवणानंतर दोन तासांनी. मिश्र किंवा जेवणाचं इन्सुलिन असेल तर दुपारच्या जेवणाआधीचंही बघा.

तपासण्याआधी हात साबणानं धुवून पुसा. संक्रांतीला तिळगुळ वाटून आलो आणि तसंच बोट टोचलं तर २८७. हात धुवून दुसरं बोट टोचलं, १६४. शंभर-सव्वाशेचा फरक बोटाच्या टोकाला चिकटलेल्या गुळाचा होता. त्या २८७ वर जादा युनिट घेतले असते तर सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत आडवा झालो असतो.

आणि चांगलं मशीनसुद्धा १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे दाखवू शकतं. म्हणजे १३२ आणि १४५ हे दोन वेगळे आकडे आहेत असं समजून रात्रभर जागण्यात अर्थ नाही.

युनिटला हात लावण्याआधी

शुगर वाढली की आपला हात आधी युनिटकडे जातो. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा चूक दुसरीकडेच असते. हे बघून घ्या.

पोटावर हात फिरवा. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की कातडीखाली रबरासारखी गाठ होते. तिथं दुखत नाही, म्हणून माणूस तिथंच टोचत राहतो, आणि गाठीतून इन्सुलिन कधी झिरपतं, कधी अडतं. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोट, मांडीची बाहेरची बाजू, अशी जागा बदलत जा. दर वेळी मागच्या जागेपासून एक बोट सरकून. गाठ सोडून नव्या जागी टोचायला लागलात की तेच युनिट जास्त लागू पडतात आणि शुगर लो होऊ शकते. मला त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी डोस कमी करून दिला होता. तुम्हीही आधी विचारा.

पेनातून टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघा. बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजून मग सुई काढा.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळीसच्या वर जाऊन ठाण मांडतो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दाराच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या खणात कधीच नाही, एकदा गोठलं की फेकायचं. वापरातलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण २८ दिवस टिकतं, पण मे महिन्यात सोलापुरात ३० अंश घरात कुठं सापडणार? स्कूटरच्या डिकीत तर ते उकडूनच निघतं. फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर कुंभारवाड्यातून दोन मातीची भांडी आणा, मोठ्यात वाळू भरा, वाळूत लहान भांडं बसवा, वाळू पाण्यानं ओली ठेवा. बाटली प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून आतल्या भांड्यात, वर झाकण. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाणी झपझप उडतं आणि आत चांगलं गार राहतं. कोकणातल्या दमट हवेत हे इतकं चालत नाही. स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या तर ते वापरू नका.

शेवटी ताट. आपली कडक भाकरी हातात हलकी लागते म्हणून लोक दोनाच्या चार खातात. पाणी उडालंय, पीठ तेवढंच आहे! शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरएक ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी चाळीसच्या घरात. मऊ असो की कडक, वरचा हिशेब बदलत नाही. घरी एकदा पीठ वजनकाट्यावर मोजा आणि त्यानंतर रोज तेवढ्याच भाकऱ्या खा. खाणं दररोज वेगळं असेल तर जेवणाचं इन्सुलिन कशाच्या आधारावर ठरवणार? हुरड्याच्या दिवसांत तर मूठ मूठ करत किती गेला ते कळत नाही. मी वाटीनं घेतो. सगळे हसतात. हसू देत.

कुठला आकडा कुणाच्या खात्यावर

मुख्य गोष्ट ही. प्रत्येक रीडिंगची जबाबदारी तिच्या आधी घेतलेल्या कुठल्या तरी इन्सुलिनवर असते. चुकीच्या खात्यावर रक्कम टाकली की पुढचा सगळा ताळेबंद बिघडतो.

सकाळची उपाशीपोटीची शुगर दिवसभराच्या, म्हणजे टाकीच्या इन्सुलिनच्या खात्यावर. जेवणानंतरची शुगर त्या जेवणाआधी घेतलेल्या झटपट किंवा रेग्युलरच्या खात्यावर. मिश्र इन्सुलिन घेत असाल तर संध्याकाळच्या जेवणाआधीचा आकडा सकाळच्या डोसच्या खात्यावर, आणि उपाशीपोटीचा आकडा संध्याकाळच्या डोसच्या. म्हणजे सकाळी उठल्यावर शुगर जास्त दिसली म्हणून सकाळचाच डोस वाढवणं हे चूक. तो डोस संध्याकाळवर चालणार आहे.

आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. वजन साठ किलो, रात्री दहाला ग्लार्जिन १४ युनिट, दिवसा गोळ्या. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: तीन सकाळी सलग १३० च्या वर असेल आणि मधे एकदाही लो नसेल तर २ युनिट वाढवा, २४ युनिटला थांबून दाखवायला या, ७० च्या खाली आली तर ४ कमी करा आणि कळवा.

पहिल्या तीन सकाळी १६८, १७४, १६१. चौदाचे सोळा केले. पुढच्या तीन: १४८, १३९, १५१. सोळाचे अठरा. त्यापुढे १२१, १२८, ११७. थांबलो. यात दहा दिवस गेले, आणि मावशींना वाटत होतं मी उगाच वेळ काढतोय. पण ग्लार्जिनचा बदललेला डोस अंगात स्थिरावायलाच दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या सकाळी निकाल मागण्यात काही हशील नाही. डेग्लुडेक आणखी संथ, त्याला त्याहून जास्त दिवस देतात.

आता खरी गोम. मावशींच्या सकाळच्या शुगरी सुधारल्या तरी तीन महिन्यांची टेस्ट फारशी हलली नाही. वहीतला झोपतानाचा रकाना बघितला: २१०, १९८, २२५. म्हणजे रात्रीत जवळजवळ शंभरानं शुगर खाली येत होती. टाकीचं इन्सुलिन रात्रीच्या जेवणाचंही काम ओढत होतं! अशा वेळी ग्लार्जिन आणखी वाढवत नेलं तर एखाद्या रात्री कमी जेवल्यावर पहाटे लो होणार. दुरुस्ती करायची ती रात्रीच्या ताटात, नाहीतर त्या जेवणासाठी वेगळं इन्सुलिन, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. झोपताना ते सकाळ यांत पन्नासपेक्षा जास्त घसरण रोज दिसत असेल, किंवा टाकीचं इन्सुलिन किलोमागे अर्ध्या युनिटच्या पुढे जायला लागलं (साठ किलोला तीस), तर पुढचे दोन युनिट वाढवण्याआधी वही घेऊन दवाखाना गाठा.

मिश्र इन्सुलिनची अडचण अशी की एकाच नळाला दोन घरं जोडलेली. संध्याकाळचा डोस सकाळसाठी वाढवला की त्याबरोबर जेवणाचा भागही वाढतो, आणि मध्यम भागाचा जोर मध्यरात्रीनंतर येतो. दोन्हीकडचं पाणी जमत नसेल तर रोज युनिटचा खेळ करू नका. इन्सुलिनची पद्धतच बदलायची का, हा प्रश्न विचारा.

सकाळची शुगर काही केल्या उतरत नसेल तर एक-दोन रात्री तीन वाजताचा गजर लावा. तीनला ७० च्या खाली असेल तर रात्रीचा डोस जास्त आहे. वाढवायचा नाही, कमी करायचा. तीनला ठीक आणि सहाला वाढलेली असेल तर पहाटे शरीरातली काही संप्रेरकं लिव्हरला साखर सोडायला लावतात, तो प्रकार. डॉक्टर डोसची वेळ किंवा प्रकार बघतील. तीनलाही जास्तच असेल तर रात्रीचं जेवण किंवा कमी पडणारा डोस. रात्री लो होऊन सकाळी उसळी मारणं लोक बोलतात तितकं वरचेवर होत नाही, पण गजर न लावता ओळखताही येत नाही.

जादा डोस

जेवणाआधी शुगर २५० दिसली तर ठरलेल्या डोसवर किती जादा? ज्यांना डॉक्टरांनी झटपट इन्सुलिन दिलंय त्यांना ते एक गणित देतात: १८०० ला दिवसभराच्या एकूण युनिटनी भागायचं. दिवसाचे ३६ युनिट असतील तर ५०. म्हणजे एक युनिट अंदाजे ५० नं शुगर खाली आणतं. २५० वरून १५० वर आणायचं तर दोन युनिट जादा. तुमचा आकडा डॉक्टरांकडून पक्का करून घेतल्याशिवाय हे वापरू नका. मिश्र आणि दिवसभराच्या इन्सुलिनला हे गणित नाहीच.

आणि जादा डोस घेऊन दोन तासांनी "अजून २१० च आहे" म्हणून पुन्हा टोचू नका. आधीचं इन्सुलिन चार तास काम करतंय. उधारी वसूल व्हायच्या आत दुसरी नोटीस पाठवल्यासारखं होतं, आणि मग दोन्ही एकदम वसूल होतात.

लो झाली तर

७० च्या खाली म्हणजे लो. घाम, थरथर, छातीत धडधड, खूप भूक, उगाच चिडचिड, हातपाय गळणं. उन्हात उभं राहिल्यावरही घाम येतो, म्हणून मे महिन्यात फसायला होतं. शंका आली की तपासा, मशीन जवळ नसेल तर लो धरून चाला.

तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबा, परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-भाकरी, दूध काहीतरी खा. पेढा, बर्फी, चॉकलेट नको. तुपामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साध्या साखरेनं लवकर उतार पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. हे फार थोड्यांना सांगितलेलं असतं.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. इन्सुलिन तर मुळीच द्यायचं नाही. हे घरातल्या शाळकरी पोरालाही शिकवून ठेवा.

लो होण्याला कारण सापडलं (जेवण चुकलं, जास्त चाललो) तर कारण दुरुस्त करा. कारण सापडत नसेल तर त्या आकड्याच्या खात्यावरचं इन्सुलिन चिठ्ठीप्रमाणे त्याच दिवशी कमी करा. वाढवायला तीन दिवस थांबायचं, पण कमी करायला थांबायचं नाही.

रोजच्यापेक्षा वेगळे दिवस

यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते आणि ती बदलते. टाकीचं इन्सुलिन घड्याळाला बांधा, दोन्ही पाळ्यांत हाताशी येईल अशा एका वेळेला. जेवणाचं इन्सुलिन ताटाला बांधा: जेवण रात्री एकला तर सुई एकला, रेग्युलर असेल तर अर्धा तास आधी. मिश्र इन्सुलिन पाळीबरोबर कसं सरकवायचं ते आधी विचारून ठेवा.

उपासाला आपली "एकादशी, दुप्पट खाशी". साबुदाणा शुगर भाकरीपेक्षा झपाट्यानं चढवतो. पण जे खरोखर कडकडीत उपास करतात आणि सकाळी मिश्र इन्सुलिन नेहमीएवढं घेतात, त्यांची दुपारी हमखास लो होते. श्रावण असो की रमजानचे रोजे, सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून त्या दिवसांचे वेगळे आकडे घ्या.

ताप, उलट्या, जुलाब झाले की लोक म्हणतात, "खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला?" आजारात शुगर उलट वाढते. टाकीचं इन्सुलिन बंद करायचं नाही, टाइप १ च्या माणसानं, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यानं, तर कधीच नाही. दर चार तासांनी तपासा, पाणी पीत राहा, जेवणाच्या डोसचं डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या उलट्या-जुलाबात थांबवाव्या लागतात, त्या कुठल्या ते बरं असतानाच लिहून घ्या. शुगर २५० च्या वर आणि उलट्या थांबत नाहीत, पोटात दुखतंय, श्वास जोरजोरात चाललाय, असं झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखान्यात न्या.

आणि कोजागिरीला तुळजापूर. सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर, रात्रभर चालत. इन्सुलिन सुरू झालं म्हणून देवीला जायचं थांबवलं नाही मी, पण पहिल्या वर्षी नेहमीचा डोस घेऊन निघालो आणि वाटेत एका टपरीच्या बाकावर थरथरत बसलो. आता निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरीणबाईंना विचारतो. त्या निघण्याआधीच्या जेवणाचा डोस आणि त्या रात्रीचं ग्लार्जिन दोन्ही कमी करून देतात. चालण्याचा परिणाम दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून परत आल्यावर झोपतानाही शुगर बघतो. निघताना १०० च्या खाली असेल तर आधी खातो. कमरेच्या पिशवीत मशीन, ग्लुकोजचे दोन पुडे, बिस्किटं, डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद. इन्सुलिन ओल्या नॅपकिनात गुंडाळलेल्या डबीत. अनवाणी जात नाही; पायाला बधिरपणा असला की खडा टोचलेला कळत नाही. बूट, सुती मोजे, आणि दर दोन तासांनी मोजे काढून तळवे टॉर्चनं बघतो. बरोबरच्या दोघांना माहीत असतं की मी विनाकारण भांडायला लागलो तर आधी साखर द्यायची, मग बोलायचं.